ओरल सर्जरी की पेरिओ? एमडीएसची सीट भरण्याआधी विभाग कसा पारखायचा

इंटर्न_अकोला
नीट एमडीएसच्या (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या) रँकनुसार ओरल सर्जरी (तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया) आणि पेरिओडॉन्टॉलॉजी (हिरड्या आणि दातांभोवतीच्या हाडाचे आजार, थोडक्यात पेरिओ) दोन्ही मिळण्याच्या टप्प्यात आहेत, पण एकाच कॉलेजात नाहीत. चॉइस भरायला थोडेच दिवस राहिले. सगळे 'कॉलेज चांगलं बघ' म्हणतात. म्हणजे नेमकं काय बघायचं? तिथे जाऊन कोणाला काय विचारायचं? आणि तीन वर्षांत हाताला काय यायला हवं, दोन्ही शाखांचं कोणीतरी स्पष्ट सांगावं. आमच्याकडे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणारे पेशंट भरपूर, परत इथेच प्रॅक्टिस करायची आहे.

जबडा_आणि_तार
ओरल सर्जरीबद्दल सांगतो. इमारत, खुर्च्यांची संख्या, सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी एक्स-रे) मशीन हे सगळं नंतर. आधी कॅजुअल्टी बघा. कॉलेजला लागून अपघाताचे पेशंट घेणारं मोठं रुग्णालय आहे का, आणि जबड्याचं फ्रॅक्चर आलं की रात्री फोन कोणाला जातो? तो ईएनटीकडे किंवा प्लास्टिक सर्जरीकडे जात असेल, तर तीन वर्षं अक्कलदाढा काढण्यात जातील. दुसरं, पूर्ण भूल देऊन होणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी विभागाला आठवड्यातले ठरलेले किती दिवस ओटी (ऑपरेशन थिएटर) मिळते? 'गरज पडली की मिळते' असं उत्तर आलं, तर ते 'नाही' समजा.

तिसरं, थर्ड इयरच्या निवासी डॉक्टरला लॉगबुक दाखवायला सांगा. ऑपरेशनचं नाव वाचू नका, 'सहाय्यक' आणि 'स्वतः केलं' हे रकाने वाचा. शेवटच्या वर्षातही सगळीकडे सहाय्यकच असेल, तर तिथे हात तयार होत नाही.

आता हाताला काय यायला हवं ते. पहिल्या वर्षात आर्च बार (दातांच्या रांगेला तारेने बांधायची धातूची पट्टी) बांधणं आणि जबडे एकमेकांना तारेने जखडणं डोळे मिटून जमलं पाहिजे. २६ गेजची तार आधी ताणून घ्यायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती सैल पडते. पीळ सगळीकडे घड्याळाच्या दिशेनेच द्यायचा, म्हणजे रात्री-अपरात्री दुसऱ्या कोणाला कापावी किंवा आवळावी लागली तर अंदाज चुकत नाही. प्लेट लावण्याआधी दातांचा चावा जुळलाच पाहिजे. फ्रॅक्चरची रेघ छान जुळलेली दिसते म्हणून आधी प्लेट कसली, की चावा उघडा राहतो आणि पेशंट आठवड्याने 'दात लागत नाहीत' म्हणत परत येतो. प्लेट कसल्यावर तारा सोडायच्या, कॉन्डाइल (खालच्या जबड्याची सांध्यातली टोकं) खोबणीत बसलेत याची खात्री करत खालचा जबडा हाताने बंद करून चावा पुन्हा बघायचा. खालच्या जबड्याच्या कोनाच्या साध्या फ्रॅक्चरला बाहेरच्या तिरक्या कडेवर एक मिनिप्लेट पुरते. दोन मेंटल फोरामेनच्या (हनुवटीच्या दोन्ही बाजूंना नस बाहेर येते त्या छिद्रांच्या) मधल्या भागात मात्र पीळ पडतो, म्हणून तिथे दोन लागतात.

अक्कलदाढेत बहुतेक चुका घाईच्या असतात. हाड कापायला नेहमीचा एअरोटर (हवेवर फिरणारा दातांचा ड्रिल) वापरू नका. त्याची हवा फ्लॅपखाली (हाडावरून उचललेल्या हिरडीखाली) शिरते, गाल आणि मान फुगते, दाबलं की बोटाखाली कुरकुर लागते. सरळ हँडपीस, ७०२ नंबरचा बर आणि सलाइनची सतत धार, असंच शिकवणारा विभाग निवडा. हाडाचं तापमान ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी पेशी मरतात, म्हणून धार थांबली की बरही थांबलाच पाहिजे.

भुलेचा हिशेबही तोंडपाठ हवा. २ टक्के लिग्नोकेनच्या (बधिर करायच्या औषधाच्या) एका मिलीत २० मिलिग्रॅम औषध असतं. ॲड्रेनलिनसह कमाल मात्रा किलोमागे ७ मिलिग्रॅम. म्हणजे ५० किलोच्या पेशंटला ३५० मिलिग्रॅम, साडेसतरा मिली. ३० मिलीची बाटली समोर उघडी असली की हा आकडा सहज ओलांडला जातो.

ग्रेसी_११_१२
पेरिओला 'दात साफ करण्याची शाखा' समजून जे येतात त्यांची तिन्ही वर्षं कष्टाची जातात. ही शाखा मोजण्याची आहे. विभाग पारखायचा तर ओपीडीत उभं राहा आणि एका पेशंटचं चार्टिंग बघा. यूएनसी-१५ प्रोबने (मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळीने) प्रत्येक दाताच्या सहा जागा मोजल्या जातात की चार ठिकाणी टोचून बाकी आकडे अंदाजाने भरले जातात? प्रोबवर दाब साधारण २५ ग्रॅमचा असावा. सुजलेल्या हिरडीत जोर लावला की टोक तळ ओलांडून आत जातं आणि पॉकेट (दात आणि हिरडीमधली फट) खरं असतं त्यापेक्षा खोल वाटतं. दोन दातांच्या मध्ये प्रोब थोडा तिरका नेला नाही, तर सगळ्यात खोल जागा नेमकी सुटते.

मग हत्यारांचा ट्रे बघा. ग्रेसी क्युरेट (मुळं खरवडायची हत्यारं) धार लावलेले आहेत का, आणि धार कोण लावतं? ११/१२ मागच्या दातांच्या पुढच्या बाजूसाठी, १३/१४ मागच्या बाजूसाठी. बोथट क्युरेटने कीटण निघत नाही, ते मुळावर घासून गुळगुळीत होतं. हाताला साफ लागतं, पण जंतू तिथेच राहतात आणि सूज उतरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत धार लावायचा दगड हातात बसला तर पुढचं सगळं सोपं जातं.

फ्लॅप सर्जरीची (हिरडी उघडून आतून सफाई करण्याची) घाई करणारा विभाग टाळा. खोल सफाईनंतर ४ ते ६ आठवडे थांबून पुन्हा मोजायचं, आणि तरीही ६ मिलिमीटर किंवा जास्त पॉकेट उरलं तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा. कोटा भरायचा म्हणून आधीच फ्लॅप उघडला, की जिथे हिरडी आपोआप आवळली असती तिथे मुळं उघडी पडतात आणि पेशंट थंड पाण्यालाही घाबरतो. मधुमेहींमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ७ टक्के किंवा अधिक असेल तर हिरडीच्या आजारांच्या २०१७च्या वर्गीकरणात ती केस ग्रेड सी, म्हणजे वेगाने वाढणारी, धरतात. हा आकडा केसपेपरवर लिहिण्याची सवय विभागात आहे का, तेही बघा.

पीआरएफबद्दल (पेशंटच्याच रक्तातून काढून जखमेत ठेवायच्या गुठळीबद्दल) थोडं, कारण आता ते सगळीकडे 'होतं'. रक्त १० मिलीच्या ट्यूबमध्ये, गोठणविरोधी औषधाशिवाय घ्यायचं आणि लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये ठेवायचं. नेहमीच्या पद्धतीत मिनिटाला २७०० फेरे, १२ मिनिटं. पेशंटच्या दुसऱ्या हातात शीर शोधण्यात वेळ गेला, तर पहिल्या ट्यूबमधलं रक्त फिरण्याआधीच गोठू लागतं आणि नीट गुठळीऐवजी लिबलिबीत काहीतरी मिळतं. नुसते फेरे सांगून भागत नाही, रोटरची त्रिज्या बदलली की बल बदलतं. हे ज्या विभागात निवासींना माहीत आहे, तिथे शिकवणं चालू आहे असं समजायला हरकत नाही.

इंटर्न_अकोला
दोघांचेही आभार. दोन शंका उरल्या. इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावायचा दात) नक्की कोणाचं? आणि खर्र्याच्या पेशंटमध्ये पेरिओ झालेल्याला कितपत वाव असतो?

जबडा_आणि_तार
खर्र्याने तोंड उघडत नसलेला पेशंट ओरल सर्जरीचाच. तिथेही विभागाला एक प्रश्न नक्की विचारा: भूलशास्त्राकडे फायबरऑप्टिक स्कोप आहे का? तोंड २० मिलिमीटरच्या आत उघडत असेल तर साध्या लॅरिंगोस्कोपने श्वासनळीत नळी घालणं धोक्याचं. पेशंट जागा असताना नाकातून स्कोपवर नळी घालावी लागते. ती सोय नसेल तर सबम्युकस फायब्रोसिसची (सुपारीने तोंडातली त्वचा आतून कडक होण्याची) गंभीर केस दुसरीकडेच पाठवली जाते, म्हणजे तुम्हाला दिसणारच नाही. चट्टे कापून गालातली चरबीची गादी ओढून लावणं यायला हवं, पण निम्मं यश नंतरच्या व्यायामात आहे. पहिल्या काही दिवसांतच तोंड उघडण्याचा व्यायाम सुरू करून किमान सहा महिने चालू ठेवला नाही, तर जखम पुन्हा आवळते. सुपारी सुटली नाही तर काहीच टिकत नाही. प्रत्येक भेटीला वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा.

ग्रेसी_११_१२
पेरिओवाल्याला तिथे वाव आहेच. तंबाखूमुळे हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून आजार आतल्या आत वाढूनही पेशंटला कळत नाही. रक्त येत नाही यावर विसंबायचं नाही, प्रोब सगळीकडे घालायचाच. शिवाय तोंडातला पांढरा किंवा लाल डाग सर्वात आधी तुम्हालाच दिसतो. दोन-तीन आठवड्यांत न जाणारा व्रण दिसला की बायोप्सीसाठी पाठवायचं, त्याला शाखा लागत नाही.

स्क्रू_आणि_हाड
इम्प्लांट सर्जरीवाले, पेरिओवाले, प्रोस्थोवाले (कृत्रिम दात बसवणारे) सगळेच लावतात. विभाग निवडताना ते लावून झाल्यावर दात कोण बसवतं ते विचारा. प्रोस्थो विभागाशी बसून आधी दाताची जागा आणि मग हाडातली जागा ठरत असेल तर तिथे शिकायला मिळेल. अंतरं पाठ हवीत: शेजारच्या दातापासून किमान दीड मिलिमीटर, दोन इम्प्लांटमध्ये ३, खालच्या जबड्यातल्या नसेच्या कालव्यापासून २. ड्रिलच्या टोकाची लांबी कंपनीच्या मोजमापात धरलेली नसू शकते, नस दुखावते ती तिथेच. हाड कमी पडलं तर सर्जरीवाल्याला सायनस (वरच्या दाढांवरची पोकळी) उचलणं जास्त सवयीचं, आणि हिरडी पातळ असेल तर पेरिओवाल्याला टाळूवरची कलम. माझ्या मते इम्प्लांटसाठी शाखा निवडू नका, ते दोन्हीकडून येतं.

चॉइस_फिलिंग
थोडं प्रक्रियेचं. अखिल भारतीय ५० टक्के कोटा आणि अभिमत विद्यापीठांच्या सगळ्या सीट एमसीसीच्या (केंद्राच्या प्रवेश समितीच्या) समुपदेशनात असतात. म्हणजे सावंगी, लोणी, कराडची अभिमत कॉलेजं तिथे शोधा. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय कॉलेजं आणि मुंबई महापालिकेचं नायर यांच्या उरलेल्या सीट, तसंच नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजं राज्य सीईटी सेलकडे. दोन्हीकडे स्वतंत्र नोंदणी लागते, एकीकडे केली म्हणजे दुसरीकडे झाली असं नाही. खासगी ठिकाणी स्टायपेंड किती हे विचारू नका, गेल्या महिन्यात खात्यात किती जमा झाला हे निवासींना विचारा.

ग्रेसी_११_१२
थिसिसचा विषय आत्तापासून मनात ठेवा, कारण सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) प्रवेशानंतर सहा महिन्यांत द्यावा लागतो आणि तोवर ओपीडीचा अंदाज आलेला नसतो. विभागात आठवड्याला किती पेशंट त्या निकषात बसतात ते रजिस्टर उघडून मोजा, मगच नमुना संख्या ठरवा. सहा महिन्यांचा फॉलोअप ठेवलात तर गावाकडचे काही पेशंट परत येणार नाहीत, तेवढे जास्त धरा. उपचाराची तुलना असेल तर एथिक्स समितीची मंजुरी घेऊन पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत) नोंदणी करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे आधीच सुरू झालेले अभ्यास स्वीकारत नाहीत, आणि नोंदणी नसली की पुढे नियतकालिकं पेपर परत पाठवतात.