भयपटातून सुरुवात केली तर शिक्का बसतो का?

बर्डीची_पोर
मी २१ वर्षांची, नागपूरची. घरी वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, दोन्ही माझ्याच. राज्य नाट्य स्पर्धेत दोनदा उतरले. आता एका भयपटात चांगली भूमिका मिळतेय, रामटेकजवळ शूटिंग, प्रत्येक सीन मराठीत आणि हिंदीत. बाबा म्हणतात, एकदा भुताच्या सिनेमात दिसलीस की आयुष्यभर तेच करशील. त्यात मुंबईच्या एका ऑडिशनमध्ये घाबरण्याच्या प्रसंगात तोंडून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघालं, तर ‘आधी जीभ साफ करून ये’ असं ऐकवलं. तेव्हापासून वाक्य आधी मनात तपासते, आणि तेवढ्यात भाव निघून जातो. हॉलिवूडची नटी आन्या टेलर-जॉयसुद्धा दोन भाषांची आणि भयपटातूनच पुढे आली ना? कोणी नीट सांगेल का?

धंतोलीची_मावशी
बाळा, मी तालमी घेते, म्हणून जरा लांबण लावते. आन्याचा जन्म मायामीचा, १९९६चा, पण लहानपण ब्युनोस आयर्समध्ये गेलं. पहिली भाषा स्पॅनिश. सहा वर्षांची असताना घर लंडनला हललं. आपल्याला परत नेतील या आशेनं ती इंग्रजी शिकायलाच तयार नव्हती, हे तिनंच मुलाखतींत सांगितलंय.

आणि याच मुलीनं ‘द विच’ केला. २०१५ला सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. १६३०च्या सुमारचं न्यू इंग्लंडमधलं शेतकरी घर, त्या काळच्या लिखाणातून उचललेले संवाद, यॉर्कशायरकडचे उच्चार. तिच्याकडून कोणी ‘शुद्ध’ इंग्रजी मागितलं नाही. एका काळाची, एका मुलखाची बोली मागितली.

त्यातला बाळाचा प्रसंग नक्की बघ. ती डोळे झाकते, ‘भॉ’ करते, बाळ हसतं. पुन्हा झाकते, हात काढते, आणि समोर बाळच नाही. ओठांवरचं हसू उतरायला जो क्षण लागतो ना, तो मी मुलींना थांबवून थांबवून दाखवते.

शिक्क्याचं म्हणशील तर पुढे ‘स्प्लिट’ केला, तोही भीतीचाच. मग २०२०मध्ये ‘एमा’ आणि ‘द क्वीन्स गॅम्बिट’. त्यातल्या बुद्धिबळपटूसाठी गोल्डन ग्लोब मिळाला. (दिव्या देशमुखच्या गावात बुद्धिबळावर बोलायला लागले तर थांबायची नाही, म्हणून इथेच सोडते.) २०२४च्या ‘फ्युरिओसा’त तर संवाद अगदी मोजके, सगळं काम डोळ्यांचं. बाबांना हे दाखव.

वडसा_लाईन
ताई, आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली का रातभर नाटक चालते. मागच्या माणसापर्यंत आवाज गेला पाह्यजे, एवढंच पाह्यतेत. घाबरलेला माणूस घरच्याच भाषेत वरडते. तुयं ‘मले’ तिथं बरोबरच होतं. ज्यायले नाही समजलं, त्यायच्यासाठी जीभ काऊन बदलतं?

महाल_गल्ली
शिक्क्याची भीती सोड, पण एक गोष्ट बघून ठेव. मराठी ‘लपाछपी’ २०१७चा, विशाल फुरियाचा, पूजा सावंतनं अख्खा सिनेमा अंगावर घेतला. २०२१मध्ये त्याच दिग्दर्शकानं तो हिंदीत ‘छोरी’ म्हणून केला, तेव्हा नायिका नुसरत भरुचा होती. नुसरतनं चांगलं केलं, त्याबद्दल वाद नाही. पण दिग्दर्शक एका भाषेतून दुसरीत गेला, नायिका नाही गेली. तुझ्याकडे तर दोन्ही भाषा आहेत. मग सही करायच्या आधी विचार, हिंदीतला आवाजही माझाच राहणार का? डबिंगला दुसरी मुलगी बसवली तर अर्धी भूमिका गेली.

बर्डीची_पोर
मावशी, काल जेवणं झाल्यावर बाबांना तो ‘भॉ’चा प्रसंग दाखवला. ते काही बोलले नाहीत, फक्त ‘परत लाव’ म्हणाले. वडसावाले दादा, तुमचं वाचून रडू आलं, खरंच. डबिंगचं आज विचारलं. मराठीत आवाज माझाच, हिंदीचं ‘बघू’ म्हणाले. मी लिहून मागितलंय. सोमवारी भेट आहे.