लॉनच्या मशीनचा बेल्ट: ८४, ८६ की ८७?

सचिव (ए-१०२): नमस्कार मंडळी. लॉनचं गवत कापायच्या मशीनचा बेल्ट पुन्हा गेला. महिन्याभरात दुसरा. माळीदादा म्हणतात, मशीन चालतंय, पण पाती फिरत नाहीत. मागच्या वेळी जुना बेल्ट मोजून ८७ इंची आणला होता. तोच परत आणू का? दुपारी त्याच बाजूला चाललोय.

बी-३०३ काका: आणा की. बेल्ट तो बेल्ट. त्यात एवढी चर्चा कशाला?

डी-५०१: काका, मागच्या वेळीही तुम्ही हेच म्हणाला होतात. स्क्रीनशॉट टाकू?

बी-६०२: लिफ्टचा दिवा कधी लावणार?

सचिव: लिफ्टचं संध्याकाळी बघतो. आत्ता बेल्ट.

सी-७०४ मावशी: आणू नका अजून. मशीन चालतंय आणि पाती फिरत नाहीत, म्हणजे डेकचा, पाती असलेल्या खालच्या भागाचा, बेल्ट गेलाय. चाकांचा वेगळा असतो. तो गेला असता तर पाती फिरली असती, पण मशीन जागचं हललं नसतं. दुकानात पहिला प्रश्न हाच येईल, डेकचा की गिअरचा, म्हणजे चाकांचा. आता तुटलेल्या बेल्टचे फोटो टाका. वरून एक आणि बाजूने एक, अगदी जवळून.

सचिव: टाकले. बाजू चकचकीत दिसतेय, आरशासारखी. एका ठिकाणी दोरे बाहेर आलेत.

मावशी: तुटायच्या आधी बराच वेळ तो घसरत होता. जळक्या रबराचा वास आला होता का, दादांना विचारा.

सचिव: आला होता म्हणतात. त्यांना वाटलं इंजिन तापलं.

मावशी: हं. आता ८७ कसे मोजलेत ते सांगा.

सचिव: बेल्ट जमिनीवर गोल ठेवला आणि बाहेरून सुतळी फिरवली. मग सुतळी टेपला लावली.

मावशी: सुतळी थोडी सैल, थोडी वाकडी, झाला अर्धा इंच इकडे. त्यात बेल्ट जुना, म्हणजे ताणलेला. बाजू झिजून अरुंदही झालेला. जुन्या बेल्टवरून नव्याचं माप घेणं म्हणजे झिजलेल्या चपलेवरून नवीन चप्पल घेणं. अंदाज येतो, माप येत नाही. सीटखाली किंवा डेकवर स्टिकर असेल, त्यावर मॉडेल नंबर. त्या नंबरावरून कंपनीचा पार्ट नंबर मिळतो. तेवढाच खरा.

काका: स्टिकर केव्हाच पुसला. मी स्वतः बघितलंय.

मावशी: डेकवरचा पुसला असेल, सीटखालचाही पुसला का?

सचिव: एक मिनिट. माळीदादा सीट उचलून बघतायत.

डी-५०१: तोवर माझा एक प्रश्न. मला जुन्या फायलीत एक पावती सापडली, त्यावर 'ए ८४' लिहिलंय. आणि आपण आणलेल्या बेल्टवर '४एल८७०'. मग ८४ खरं की ८७?

मावशी: शाब्बास, ती पावती सोन्याची आहे. 'ए' मालिकेच्या नंबरात आतली लांबी इंचात असते. '४एल' मालिकेच्या नंबरात बाहेरची, आणि शेवटचा आकडा इंचाचा दशांश. म्हणून ४एल८६० म्हणजे बाहेरून ८६.० इंच. ए सेक्शनमध्ये, म्हणजे ए जाडी-रुंदीच्या बेल्टमध्ये, आतल्या आणि बाहेरच्या लांबीत साधारण २ इंचांचा फरक पडतो. त्यामुळे ए ८४ म्हणजे बाहेरून ८६. आपण ८७ घातला. एक इंच जास्त.

काका: एका इंचाने काय होतं? वर तो स्प्रिंगवाला रोलर आहेच की ताण द्यायला.

मावशी: आहे. पण तो आयडलर ठरावीक अंतरापर्यंतच मागे सरकतो. बेल्ट लांब असला की आयडलर शेवटच्या टोकाला जाऊन थांबतो आणि तरी बेल्ट ढिलाच राहतो. मग घसरतो, तापतो, बाजू चकाकतात, एक दिवस तुटतो नाहीतर पुलीवरून उतरतो. काका, पकड बेल्टच्या तळाला नसते, दोन्ही बाजूंना असते. पाचरीसारखा तो पुलीच्या व्ही आकाराच्या खाचेत घट्ट बसतो. खाचेच्या तळाला टेकला की पाचर संपली. नवा बेल्ट साधारण पुलीच्या काठाशी समतल बसायला हवा.

डी-५०१: बरोबर. मागच्या वेळी आपला आत गेलेला दिसत होता, मला वाटलं तसाच असतो.

मावशी: रुंदी पण बघून घ्या. ए सेक्शन वरून साधारण १३ मिमी, बी सेक्शन १७. लांबी तीच असली तरी बी ए-च्या खाचेत बसणार नाही, आणि ए बी-च्या खाचेत बुडेल.

सचिव: सीटखाली नंबर मिळाला!! धुळीखाली होता, कापडाने पुसल्यावर दिसला. फोटो टाकतो.

मावशी: छान. दुकानदाराला तोच पाठवा. पार्ट नंबरवरून जे माप येईल ते अंतिम, पावती फक्त ताळा बघायला.

काका: आणि पार्ट नंबरचा बेल्ट मिळाला नाही तर? गाडीचा बेल्ट टाकू, मजबूत असतो. माझ्याकडे एक पडलेला पण आहे.

मावशी: गाडीचा नको, काका. रागावू नका. आपल्या मशीनला लीव्हर ओढला की आयडलर पुढे येतो, बेल्ट ताणला जातो आणि तेव्हा पाती फिरायला लागतात. म्हणजे बेल्टच क्लचचं काम करतो, थोडा वेळ घसरून मग पकडतो. मोव्हरसाठीच्या, म्हणजे गवत कापायच्या मशीनच्या, बेल्टवर त्यासाठी कापडी आवरण असतं. गाडीच्या बेल्टच्या बाजू उघड्या रबराच्या असतात, तो एकदम पकडतो आणि झटका देतो. दुसरं म्हणजे आतले दोरे. साध्या हलक्या बेल्टमध्ये पॉलिस्टरचे, मोव्हरच्या बऱ्याच बेल्टमध्ये ॲरामिडचे, ज्याला लोक केवलार म्हणतात. ते फारसे ताणत नाहीत. मागच्या वेळचा साधाच होता ना?

सचिव: दुकानदार म्हणाला 'चालतो'.

डी-५०१: चालला. महिनाभर.

काका: ठीक आहे, मी माझा परत कपाटात ठेवतो.

मावशी: अजून एक. बेल्ट बसवायच्या आधी प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. नाहीतर नवाही जाईल. पण त्याआधी चावी काढा आणि इंजिनच्या स्पार्क प्लगची वायर उपसून बाजूला ठेवा. हातमोजे घाला, पाती धारदार असतात.

(दीड तासाने)

सचिव: मावशी, सापडलं. सपाट आयडलर, ज्यावर बेल्टची पाठ टेकते, तो अडकलाय. हाताने ढकलला तर कर्रर्र करत थोडा सरकतो. खाली गवताचा ओला गोळा आणि एक नायलॉनची दोरी गुंडाळलीय. हा बघा फोटो. दोरी काढली, तरी बेअरिंग खरखरतंय.

मावशी: तुमचा दुसरा गुन्हेगार हा. पुली फिरत नसेल तर बेल्ट तिच्यावर घासत धावतो, पाठ जळते. तो आयडलर बदला. बेअरिंगला वरून तेल घालून बघू नका, सीलबंद असेल तर आत जाणार नाही आणि बाहेरचं बेल्टवर येईल. बाकीच्या पुल्या कशा?

सचिव: दोन्ही पात्यांच्या नीट फिरतात, हलतही नाहीत.

डी-५०१: मी जुन्या बेल्टचा रस्ता काढून ठेवला असता तर बरं झालं असतं. आता कुठून कुठे जातो कुणास ठाऊक.

मावशी: डेकवरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आकृती असते बऱ्याचदा. आणि पुल्यांजवळच्या छोट्या दांड्या बघा. बेल्ट त्यांच्या आतूनच जायला हवा. बाहेरून गेला तर दुसऱ्याच फेरीत उतरेल. बेल्टला पीळ पडलेला नाही ना, तेही बघा. बेल्टची अरुंद बाजू खाचेत, रुंद पाठ सपाट आयडलरवर.

बी-६०२: लिफ्टच्या दिव्याचं काय झालं?

सचिव: काका, तुमच्या कपाटात बल्ब आहे का?

काका: आहे. कुठला पाहिजे?

(दुसऱ्या दिवशी सकाळी)

सचिव: पार्ट नंबरचा बेल्ट मिळाला, त्यावरही बाहेरून ८६ इंचच लिहिलंय. आयडलर बदलला. बेल्ट पुलीच्या काठाला बरोबर बसतोय. अर्धं लॉन कापून झालं, वास नाही, आवाज नाही. माळीदादांनी झाकणाच्या आत पांढऱ्या रंगाने पार्ट नंबर लिहून ठेवलाय, आणि बेल्टच्या रस्त्याचा फोटो मी इथे टाकतो. कृपया कुणी डिलीट करू नका.

डी-५०१: फोटोत तुमचं बोट आलंय, आयडलरच्या बरोबर वर.

सचिव: परत काढतो.