प्रसार भारती स्वायत्त, मग नेमणुका कोण करतं?

मृदुला_क: आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती कायद्याने स्वायत्त, पण सरकार बदललं की वरची माणसंही बदलतात असं वाटतं. अध्यक्षाला नेमकं निवडतं कोण?

जुना_निवेदक: कागदावर तिघांची समिती: राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. सभापती म्हणजे उपराष्ट्रपती. तिसरं नाव ठरतं मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच. आता तुम्हीच हिशोब करा. शिवाय अनुदान मंत्रालयाकडून येतं, म्हणजे तिजोरीची किल्ली तिथेच. कायदा 1990चा, लागू झाला 1997 साली! पहिले सीईओ एस. एस. गिल. 1998 साली सरकारने वटहुकूम काढून वयाची अट घातली आणि गिल घरी गेले.

मी एका आकाशवाणी केंद्रावर निवेदक होतो. लेखी आदेश कधी पाहिला नाही. पण बातमीपत्राची प्रत हातात आली की वरिष्ठ आधी पहिली ओळ बघायचे, मंत्रिमहोदय तिथे आहेत ना! पूर किंवा अपघात असला तरी.

भाऊ_सोलापूरकर: काँग्रेसच्या काळात काय वेगळं होतं? आणीबाणीत किशोरकुमारची गाणी बंद केली होती.

जुना_निवेदक: अगदी बरोबर, भाऊ. म्हणून मी पक्षाचं नाव घेतलं नाही.

मृदुला_क: मग समितीत विरोधी पक्षनेता का नाही? सीबीआय संचालकाच्या निवडीत असतो की.

जुना_निवेदक: आणावा ना, पण दुरुस्ती मांडणार कोण? विरोधात असताना सगळ्यांना स्वायत्तता हवी असते.