रेडिएशन थेरपीतील असोसिएट पदवी: कम्युनिटी कॉलेजचा दोन वर्षांचा मार्ग पुरेसा आहे का?

प्राजक्ता, न्यू जर्सी

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केल्यानंतर मी काही काळ शाळेत शिकवत होते. लग्नानंतर अमेरिकेत आले आणि मुले लहान असल्यामुळे इतकी वर्षे घरीच होते. आता ग्रीन कार्ड मिळाले आहे, मुले दिवसभर शाळेत असतात आणि मला पुन्हा शिकून रुग्णालयात काम करण्याची मनापासून इच्छा आहे. घरातील एका आजारपणात किरणोपचार (रेडिएशन थेरपी) विभागातील थेरपिस्टचे काम मी जवळून पाहिले. भौतिकशास्त्र आणि माणसांची सेवा या दोन्ही गोष्टी एकत्र असलेले हे काम मला जमेल, असे तेव्हापासून वाटते आहे.

माझ्यासमोर दोन पर्याय आहेत. एक म्हणजे कम्युनिटी कॉलेजमधील दोन वर्षांची असोसिएट पदवी आणि दुसरा चार वर्षांची बॅचलर पदवी. खर्च आणि वय या दोन्हींचा विचार करता मला पहिला पर्याय बरा वाटतो. परंतु पुढे नोकरी देताना असोसिएट पदवीला कमी लेखले जाते का? भारतातील बी.एस्सी.चा प्रवेशासाठी काही उपयोग होतो का? आणि चांगला कार्यक्रम ओळखावा कसा? या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहिले, तर फार आभारी राहीन.

विद्या, ओहायो

प्राजक्ताताई, मी स्वतः कम्युनिटी कॉलेजमधून असोसिएट पदवी घेऊन या व्यवसायात आले आणि आज उपचाराचे किरण सोडणाऱ्या यंत्रावर, म्हणजे लिनिअर अ‍ॅक्सिलरेटरवर काम करते. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी निःशंकपणे देऊ शकते: रुग्णावर उपचार करणारी थेरपिस्ट होण्यासाठी असोसिएट पदवी पुरेशी आहे. या व्यवसायाचे राष्ट्रीय प्रमाणपत्र एआरआरटी ही संस्था देते. 2015 पासून तिने किमान असोसिएट पदवीची अट घातली आहे, त्याहून अधिक काही मागितलेले नाही. परीक्षा सर्वांना एकच असते, उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे 75 गुण सर्वांना सारखेच असतात आणि नावापुढे लागणारी अक्षरेही तीच असतात. रोज उपचार देणाऱ्या पदासाठी मुलाखत घेणारे लोक तुमचे प्रमाणपत्र, राज्याचा परवाना आणि क्लिनिकलमधील, म्हणजे रुग्णालयातील प्रत्यक्ष प्रशिक्षणातील, तुमच्याविषयीचे मत पाहतात. पदवी दोन वर्षांची की चार वर्षांची, हा प्रश्न पुढे येतो तो पर्यवेक्षकाच्या किंवा विभागप्रमुखाच्या पदासाठी अर्ज करताना.

तथापि ‘दोन वर्षे’ हा शब्दप्रयोग थोडा फसवा आहे, हे आधीच सांगते. कॉलेजात प्रवेश मिळणे आणि रेडिएशन थेरपीच्या कार्यक्रमात प्रवेश मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाला अर्ज करण्यापूर्वी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राचे दोन भाग, बीजगणित किंवा त्यापुढील गणित, इंग्रजी लेखन, वैद्यकीय परिभाषा आणि काही ठिकाणी भौतिकशास्त्र, असे विषय चांगल्या श्रेणीने पूर्ण करावे लागतात. त्यात एक वर्ष सहज जाते. जागाही थोड्या असतात, कारण प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्णालयातील एखाद्या यंत्रावर जागा मिळावी लागते आणि यंत्रे मर्यादित असतात. बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदाच तुकडी घेतात, म्हणजे अर्जाची तारीख चुकली की वर्ष गेले.

चांगला कार्यक्रम ओळखण्याविषयी मी जरा विस्ताराने लिहिते, कारण माझ्या मते असोसिएट की बॅचलर या प्रश्नापेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. सर्वप्रथम कार्यक्रमाला जेआरसीईआरटीची, म्हणजे अशा कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या शिकागोच्या संस्थेची, मान्यता आहे का, ते त्या संस्थेच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावे. संपूर्ण कॉलेजला मान्यता असणे आणि या विशिष्ट कार्यक्रमाला मान्यता असणे यांत फरक आहे. मान्यताप्राप्त प्रत्येक कार्यक्रमाला तीन आकडे जाहीर करावे लागतात: पहिल्याच प्रयत्नात परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण, पदवीनंतर 12 महिन्यांत नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण आणि कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण. पहिल्या दोन आकड्यांची पाच वर्षांची सरासरी किमान 75 टक्के असावी, अशी अपेक्षा असते. मात्र हे आकडे वाचताना तुकडी किती जणांची होती, तेही पाहावे. आठ जणांच्या वर्गात एक विद्यार्थी नापास झाला, तरी त्या वर्षाचा निकाल साडेबारा टक्क्यांनी खाली येतो, म्हणून एकाच वर्षाच्या आकड्यावरून मत बनवू नये. परीक्षेचा निकाल उत्तम परंतु कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण कमी असे दिसले, तर मधूनच सोडून गेलेले विद्यार्थी का गेले, हे कार्यक्रमाच्या संचालकांना थेट विचारावे. प्रामाणिक संचालक या प्रश्नाचे उत्तर टाळत नाहीत.

त्यानंतर क्लिनिकलसाठी कोणती रुग्णालये आहेत, ते पाहावे. या शिक्षणाचा गाभा तिथेच आहे. किरणोत्सर्गाचे भौतिकशास्त्र, किरणांचा पेशींवर होणारा परिणाम, कर्करोगाचे प्रकार आणि शरीराच्या आडव्या छेदांची ओळख हे सारे वर्गात शिकवतात. पण रुग्णाला टेबलावर नेमक्या त्याच स्थितीत रोज कसे झोपवायचे, डोके व मान यांच्या उपचारासाठी थर्मोप्लास्टिकचा (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा) मुखवटा कसा बनवायचा, कोन बीम सीटीची (उपचाराच्या यंत्रावरच घेतलेल्या स्कॅनची) प्रतिमा नियोजनाच्या प्रतिमेशी जुळवून टेबल किती मिलिमीटर सरकवायचे, हे हातानेच शिकावे लागते. ज्या कार्यक्रमाचे विद्यार्थी एकाच छोट्या केंद्रात दोन वर्षे काढतात, त्यांना स्तन आणि प्रोस्टेटचे उपचार भरपूर पाहायला मिळतात. परंतु लहान मुलांचे उपचार, स्टिरिओटॅक्टिक उपचार (थोड्या बैठकांत अतिशय अचूकपणे दिलेली मोठी मात्रा) किंवा इरिडियम-192 वापरून होणारी ब्रॅकिथेरपी (किरणोत्सारी स्रोत शरीरात गाठीजवळ ठेवून केलेला उपचार) कदाचित दिसणारही नाही. शक्य असल्यास मोठे विद्यापीठीय रुग्णालय आणि लहान केंद्र, अशा दोन्ही ठिकाणी फिरवणारा कार्यक्रम निवडावा.

खर्चाचा विचार करताना फक्त शिकवणी शुल्क मोजू नका. क्लिनिकल विनावेतन असते, ते आठवड्याच्या कामाच्या दिवशी दिवसभर चालते आणि रुग्णालय घरापासून तासाभराच्या अंतरावरही असू शकते. त्या काळात दिवसाची नोकरी करणे जवळजवळ अशक्य होते आणि गाडीवाचून भागत नाही. मुलांना शाळेतून कोण आणणार, याची व्यवस्था अर्ज करण्यापूर्वीच घरी बोलून ठरवावी.

संजय, टेक्सास

विद्याताईंनी लिहिलेल्या सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. मी डोसिमेट्रिस्ट आहे, म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा गाठीपर्यंत पोहोचावी आणि शेजारचे निरोगी अवयव वाचावेत यासाठी संगणकावर उपचाराचा आराखडा तयार करतो. अनेक थेरपिस्टना काही वर्षांनी या कामाकडे वळावेसे वाटते. पूर्वी विभागातच काम शिकून ते शक्य होत असे. परंतु 2017 पासून डोसिमेट्रीच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी बॅचलर पदवी आणि मान्यताप्राप्त डोसिमेट्री कार्यक्रम या दोन्ही गोष्टी आवश्यक झाल्या आहेत. म्हणून केवळ असोसिएट पदवीवर हा दरवाजा बंद राहतो. ज्यांना पुढे ही वाट हवी असेल त्यांनी क्रेडिट बॅचलर पदवीत वर्ग होतील, असा करार असलेले कम्युनिटी कॉलेज निवडावे. नोकरी करता करता ऑनलाइन बॅचलर पूर्ण करणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत आणि काही रुग्णालये त्याचे शुल्कही भरतात.

तुमच्या बी.एस्सी.विषयी. भारतातील गुणपत्रिकांचे विषयवार मूल्यमापन करून घ्यावे लागते. आपली बी.एस्सी. तीन वर्षांची असल्यामुळे काही विद्यापीठे ती अमेरिकेतील चार वर्षांच्या बॅचलरशी समकक्ष मानत नाहीत आणि काही मूल्यमापन संस्था ती विशिष्ट अटींवर मानतात. त्यामुळे आपण ज्या कॉलेजात अर्ज करणार आहोत, त्यांना कोणत्या संस्थेचे मूल्यमापन चालते, हे विचारल्याशिवाय त्यावर पैसे खर्च करू नयेत. गणित आणि सामान्य शिक्षणाचे काही विषय माफ होण्याची चांगली शक्यता असते. विज्ञान विषयांबाबत मात्र अनेक कॉलेजे पाच-सात वर्षांपेक्षा जुने क्रेडिट स्वीकारत नाहीत, म्हणून शरीरशास्त्राचे दोन्ही भाग इथेच करावे लागतील, असे गृहीत धरा. पूर्वी शिकलेले भौतिकशास्त्र माफ झाले नाही, तरी वाया जाणार नाही. व्यस्त वर्गाचा नियम, अर्धायुष्य, क्षीणन गुणांक हे विषय इतर विद्यार्थ्यांना जड जातात, तिथे तुमचा पाया तयार आहे.

भौतिकशास्त्राची आवड असणाऱ्यांना मेडिकल फिजिसिस्ट (यंत्रे आणि मात्रा यांची अचूकता सांभाळणारा भौतिकशास्त्रज्ञ) होण्याचाही मोह होतो. त्यासाठी मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी, त्यानंतर दोन वर्षांची रेसिडेन्सी (रुग्णालयातील प्रशिक्षण) आणि बोर्डाची परीक्षा असा मार्ग आहे. रेसिडेन्सीच्या जागांसाठी देशभरातून चुरस असते आणि त्यासाठी कुटुंबासह दुसऱ्या राज्यात जाण्याची तयारी ठेवावी लागते. शिवाय फिजिसिस्टचा रुग्णाशी संबंध थेरपिस्टच्या मानाने फार कमी येतो. तुमचे मन रुग्णांमध्ये रमणार असेल, तर तुम्ही निवडलेली दिशाच योग्य आहे असे मला वाटते.

नोकरीच्या बाजाराविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार मे 2023 मध्ये रेडिएशन थेरपिस्टचे मध्यक वार्षिक वेतन 98,300 डॉलर होते, आणि असोसिएट पदवीवर मिळणाऱ्या उत्पन्नांमध्ये हा आकडा बराच वरचा आहे. परंतु संपूर्ण देशात या पदावर असलेल्यांची संख्या वीस हजारांच्याही आत आहे, तर एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञांची संख्या दोन लाखांहून अधिक आहे. आपल्या गावाजवळच्या केंद्रात जागा निघेलच, असे धरून चालता येत नाही.

अनघा, कॅलिफोर्निया

हा धागा वाचणाऱ्या, एच-4 व्हिसावर (एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असलेल्या मैत्रिणींसाठी थोडे लिहिते. एच-4 वर कॉलेजात शिकता येते, त्यासाठी वेगळ्या विद्यार्थी व्हिसाची गरज नसते; परंतु संघराज्य सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही. स्थानिक रहिवाशांचे कमी शुल्क लागू होते का, हे राज्यागणिक वेगळे असते. शिक्षणानंतर नोकरीसाठी कामाची परवानगी लागते आणि जोडीदाराच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल, तरच ती मिळते. या व्यवसायाची किमान पात्रता असोसिएट पदवी असल्यामुळे स्वतःच्या नावाने एच-1बी मिळणेही अवघड असते, कारण त्या व्हिसासाठी पदाला विशिष्ट विषयातील बॅचलर पदवी आवश्यक असावी लागते. प्रवेश घेण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा.

प्राजक्ता, न्यू जर्सी

तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. इतकी नेमकी माहिती मला एकत्र कुठेही मिळाली नव्हती. आणखी दोन शंका विचारते. घरच्यांना किरणोत्सर्गाची भीती वाटते, विशेषतः पुढे आणखी एक मूल होऊ द्यायचे ठरवले तर काय, असे ते विचारतात. आणि या कामाचा मनावर किती ताण येतो?

विद्या, ओहायो

घरच्यांची काळजी रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट देते. लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर चालू असतो तेवढाच वेळ त्यातून किरण निघतात आणि त्या वेळी खोलीत रुग्णाशिवाय कोणीही नसते. आम्ही जाड काँक्रीटच्या भिंतींबाहेर बसून कॅमेऱ्यातून रुग्णाकडे पाहत असतो, ध्वनिक्षेपकावरून त्याच्याशी बोलत असतो आणि दार उघडले गेले तर किरण आपोआप थांबतात. दहा मेगाव्होल्टपेक्षा अधिक ऊर्जा वापरल्यावर यंत्राच्या काही भागांत अल्पकाळ टिकणारी किरणोत्सारिता निर्माण होते, तिचीही मोजणी होत असते. कर्मचाऱ्यांसाठी वर्षाला 50 मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेली किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) ही कायदेशीर मर्यादा आहे आणि प्रत्येकाच्या अंगावर मात्रा नोंदवणारा बॅज असतो. गर्भवती कर्मचारी किंवा विद्यार्थिनी आपली गर्भावस्था लेखी कळवू शकते. तसे कळवणे ऐच्छिक असते. कळवल्यावर गर्भासाठी संपूर्ण गर्भारपणात 5 मिलिसिव्हर्टची मर्यादा लागू होते आणि वेगळा बॅज दिला जातो. आमच्या विभागात अनेकजणींनी गरोदरपणात काम केले आहे. त्यांना खरा त्रास झाला तो रुग्णांना उचलण्याचा आणि दिवसभर उभे राहण्याचा.

मनावरच्या ताणाबद्दल सांगायचे तर, एकच रुग्ण तीन ते सात आठवडे रोज भेटतो, त्यामुळे नाते जुळतेच. स्तनाच्या कर्करोगासाठी आता बऱ्याच ठिकाणी 15 किंवा 16 उपचारांत काम पूर्ण होते, तर डोके व मान यांच्या कर्करोगासाठी अजूनही सुमारे 35 उपचार लागतात. त्या काळात घशाला व्रण पडलेल्या, अन्न गिळता न येणाऱ्या माणसाला उद्या पुन्हा येण्यासाठी धीर देणे, हे आमचेच काम असते, कारण डॉक्टर त्याला साधारणपणे आठवड्यातून एकदा भेटतात आणि आम्ही रोज. त्याचे वजन घटते आहे, मुखवटा सैल बसतो आहे किंवा आज तो नेहमीपेक्षा गप्प आहे, हे सर्वांत आधी थेरपिस्टच्या लक्षात येते आणि तिने ते वेळेवर सांगितले, तर उपचाराचा आराखडा बदलता येतो. काही रुग्ण बरे होणार नाहीत हे आधीच ठाऊक असते आणि त्यांच्यावरचे उपचार फक्त वेदना कमी करण्यासाठी असतात. हे पेलवेल का, याचा अंदाज वाचून येत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वी एखाद्या केंद्रात निरीक्षणासाठी जाण्याची परवानगी मागा; अनेक कार्यक्रमांत ती अटच असते. सकाळी सुरुवातीला पोहोचा, म्हणजे यंत्राची रोजची तपासणी पाहायला मिळेल. रुग्णांची परवानगी असेल, तर खोलीत उभे राहून मांडणी बघा आणि जमल्यास सीटी सिम्युलेशनचीही (उपचाराच्या नियोजनासाठी केलेल्या स्कॅनचीही) एक वेळ मागून घ्या.

न्यू जर्सीविषयी एक गोष्ट लक्षात असू द्या: तिथे या व्यवसायाचा परवाना राज्याच्या पर्यावरण संरक्षण विभागाकडून मिळतो, त्यामुळे आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर शोधत बसू नका. न्यूयॉर्कमध्ये नोकरी करायची झाल्यास तिथला परवाना स्वतंत्रपणे घ्यावा लागेल. जवळच्या कार्यक्रमांची माहिती जमवल्यावर त्यांचे पाच वर्षांचे आकडे आणि क्लिनिकल केंद्रांची नावे इथे लिहा, आपण ती मिळून पाहू.