युरोपात पहिल्यांदा सर्फिंग शिकलात? तुमचे अनुभव लिहा

सप्टेंबरात युरोपात जाऊन सर्फिंग शिकायचा आम्हा मैत्रिणींचा बेत शिजतोय. सगळ्या चाळिशीच्या आसपास. पोहता येतं, पण तरण तलावातलं. ज्याला विचारावं तो पोर्तुगाल म्हणतो, आणि पोर्तुगाल शोधायला गेलं की समोर नाझारेची ती इमारतीएवढी लाट उभी! तिथे आम्ही पाण्यात पाय घालणार नाही, एवढी अक्कल आहे. पण मग जायचं कुठे, कधी, आणि इथून निघण्याआधी काय तयारी करायची? स्वतः शिकून आलेल्यांनी जरूर लिहा. गुळगुळीत कौतुक नको, काय दुखलं तेही सांगा.

आइंडहोवनहून

खांदे. बाकी सगळं त्यानंतर. उभं राहण्याची धास्ती सगळ्यांना असते, पण वेळ जातो तो हातांनी पाणी मारत पुढे सरकण्यात. निघण्याआधी महिनाभर पोहा, तेही फ्रीस्टाइल.

मी पोर्तुगालमधल्या पेनिशला गेले होते. लिस्बनहून बसने दीडेक तास लागतो, रेल्वे नाही. हे गाव समुद्रात घुसलेल्या भूशिरावर आहे. उत्तरेला बालेआल, तिथे नवशिक्यांची गर्दी. दक्षिणेला सुपरटुबोश, जिथे जागतिक स्पर्धा होतात आणि आपण काठावर बसून फक्त बघायचं. किनाऱ्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे एकीकडे वारा किंवा लाट जास्त झाली तर दुसरीकडे जमून जातं. आमचे शिक्षक रोज सकाळी समुद्र बघून मगच गाडी कुठे न्यायची ते ठरवत. शाळा निवडताना हे जरूर विचारा: तुमचा किनारा ठरलेला आहे, की रोज बघून ठरवता?

पहिला धडा वाळूवरच. बोर्डवर पालथं पडायचं, तळवे बरगड्यांशी, छाती भुजंगासनात उचलायची तशी वर, आणि एका झटक्यात पाय खाली घ्यायचे. गुडघा टेकवून उठायची सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही, म्हणून शिक्षिका सारखी ओरडायची. नजर समोर. खाली बघितलं की गेलात पाण्यात. बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी असतो. लहान बोर्ड दिसायला झकास, पण आपल्यासाठी नाही. सुरुवातीला कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसाळ लाटेवरच शिकवतात.

सप्टेंबरातही पाणी अठरा अंशांच्या आसपास असतं, पण वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, असला की थंडी विसरायला होते. ओला सूट दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगात चढवणं हा मात्र वेगळाच व्यायाम आहे.

पॅरिसहून, नवरा-बायको

फ्रान्सला येणार असाल तर नावाला भुलू नका. होसगोर प्रसिद्ध आहे, पण ते ज्या कारणाने प्रसिद्ध आहे तेच आपल्या मुळावर येतं. शेजारच्या कापब्रेतोंसमोर समुद्रतळाला खोल दरी आहे. तिच्यामुळे लाटेचा जोर उथळ पाण्यात जिरत नाही, ती थेट येऊन काठाशी दाणकन फुटते. या पट्ट्यात वाळूच्या दांड्यांमध्ये पाण्याचे खळगेही असतात, त्यांना तिथे ‘बाईन’ म्हणतात, आणि त्यांतून समुद्राकडे खेचणारे प्रवाह निघतात. वरून पाणी अगदी शांत दिसतं, आणि तीच जागा धोक्याची. सापडलात तर उलट पोहू नका, बोर्ड सोडू नका, हात वर करून मदत मागा.

आम्ही बिआरित्झला शिकलो, कोत दे बास्कवर. 1957 साली पीटर व्हिएर्टेल या अमेरिकन पटकथालेखकामुळे फ्रान्समधलं सर्फिंग याच गावात सुरू झालं. लाट लांबलचक, सावकाश येणारी. गैरसोय एकच, पूर्ण भरतीला वाळूच उरत नाही. म्हणून धड्याची वेळ रोज बदलते, आणि जेवणाची वेळ तिच्या मागे फरफटत जाते.

लिस्बनहून, मूळचा गुहागरचा

वरच्या शेवटच्या मुद्द्याला दुजोरा. ज्याला उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) कळतो त्याचं अर्धं काम झालं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास इथे भरती-ओहोटीत तीन मीटरहून जास्त फरक पडतो, आणि सकाळी सोपा असलेला किनारा दुपारी ओळखू येत नाही. तारखा ठरलेल्या नसतील तर भांगाचे दिवस धरा.

अंदाज बघताना नुसती लाटेची उंची बघू नका. दोन लाटांमधले सेकंदही बघा. एक मीटरची लाट आठ सेकंदांनी येत असेल तर ठीक, तीच चौदा सेकंदांची असेल तर तिच्या पोटात बराच जास्त जोर असतो. उन्हाळ्यात इथे दुपारी उत्तरेचा वारा सुटतो आणि पाण्याचा चिवडा करतो. म्हणून सकाळचा वर्ग घ्या.

आणखी एक. ओहोटीच्या वेळी उथळ वाळूत काटेरी मासा पुरून बसलेला असतो, पोर्तुगीजांचा ‘पेइश आरान्या’. पाय पडला तर ठणका भयंकर. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, बर्फ नाही. रबरी बूट घातले तर धोका बराच कमी.

डब्लिनहून

लाहिंचला शिकले. पाणी ऑगस्टातही पंधरा-सोळा अंश, पाऊस फुकट. मजा आली, पण भारतातून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. व्हिसा वेगळा.

पुण्याहून

व्हिसाचा विषय निघालाच आहे तर. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा लागतो, तो सगळे काढतात. पण साध्या पॉलिसीत सर्फिंग धरलेलं असेलच असं नाही. बारीक अक्षरं वाचा, गरज पडली तर साहसी खेळांचं कलम वाढवून घ्या.

आम्ही आधी गोव्यात अश्वेला दोन धडे घेतले होते. पावसाळ्यानंतर तिथल्या लाटा लहान, पाणी कोमट, सूटची भानगड नाही. उठायचं कसं ते अंगात बसलं. माझ्या मते हे प्रत्येकाने करावं.

आइंडहोवनहून

करावं कशाला? तुमचा उत्साह मान्य, पण सप्टेंबरआधी गोव्यात पावसाळाच असतो, तेव्हा समुद्रात उतरूही नये. त्यांनी पोहायला जावं.

बार्सिलोनाहून

मुलांना घेऊन स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरच्या सोमोला गेलो होतो. सांतांदेरहून लाँचने खाडी ओलांडायची, उतरलं की समोर लांबच लांब पुळण. तळ वाळूचा, खडक टाळत बसावं लागत नाही. गाव लहान, सगळं चालत जाण्यासारखं. लाटा मोठ्या असल्या तर नवशिक्यांना खाडीच्या तोंडाकडच्या, आडोशाच्या बाजूला नेतात. पोरं तिसऱ्या दिवशी उभी राहिली. आमचं विचारू नका.

धागाकर्ती

धन्यवाद मंडळी! बालेआल की सोमो, एवढंच आता उरलं. आमच्यातल्या दोघी शुद्ध शाकाहारी आहेत, तिथे उपाशी तर राहणार नाहीत ना?

लिस्बनहून, मूळचा गुहागरचा

नाही राहणार. सर्फ कॅम्पमध्ये आधी सांगितलं तर बहुतेक ठिकाणी वेगळं करून देतात. बाहेर काल्दु व्हेर्द, म्हणजे पालेभाजी-बटाट्याचं सूप, निरागस दिसतं, पण त्यात सॉसेजची चकती असते. मागवतानाच विचारा. सोमो घेतलंत तर बटाट्याची तोर्तिया आहेच, पण तिच्यात अंडं असतं. दोघींना ते चालतं का, ते आत्ताच विचारून ठेवा.