अनुभव धागा: पाडलेलं पेन स्टेशन

न्यूयॉर्कचं जुनं पेन स्टेशन १९१० साली सुरू झालं आणि १९६३ च्या ऑक्टोबरात पाडायला घेतलं. रूळ, प्लॅटफॉर्म खाली तसेच, गाड्याही चालूच, फक्त डोक्यावरची इमारत गेली आणि तिथे मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभं राहिलं. न्यूजर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्कवरून रोज ट्रेनने येणारे आपण त्याच तळघरातून जातो, तर जुन्याचं काही पाहिलंय, ऐकलंय? लिहा.

---

संध्याकाळी बोर्डाखाली सगळे माना वर करून उभे, ट्रॅक नंबर पडला की अख्खी झुंड एकाच जिन्याकडे, दादरची सवय होती म्हणून निभावलं. ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने सांगितलं की काही जिन्यांचे पितळी कठडे मूळ स्टेशनचेच आहेत. मग मी मुद्दाम बघायला लागले. हात फिरून फिरून गुळगुळीत झालेत आणि धक्काबुक्कीत त्यांच्याकडे बघतंय कोण!

---

मी आर्किटेक्ट, त्यामुळे जरा जास्तच लिहितोय. मॅकिम, मीड अँड व्हाइट या आर्किटेक्ट फर्मचं काम, वेटिंग रूम रोमच्या कॅराकलाच्या स्नानगृहांवरून घेतलेली, छत जवळजवळ १५० फूट उंच. पुढे हायवे आणि विमानांनी प्रवासी पळवले, रेल्वेला एवढा डोलारा परवडेना, मग वरच्या जागेचे हक्कच विकले. १९६२ मध्ये आर्किटेक्ट लोकांनी स्टेशनसमोर निदर्शनं केली, पण काही उपयोग नाही. शहराचा वारसा कायदा आला १९६५ ला. त्याच्या जोरावर न्यूयॉर्कचं दुसरं जुनं स्टेशन, ग्रँड सेंट्रल, वाचलं, १९७८ ला सुप्रीम कोर्टात जिंकून. म्हणून याला ‘बलिदान’ म्हणायची पद्धत आहे, मला नाही पटत. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

---

सेव्हन्थ अॅव्हेन्यूच्या बाजूला दोन दगडी गरुड आहेत बघा, ते जुन्या इमारतीवरचे. आणखी चार फिलाडेल्फियाला मार्केट स्ट्रीटच्या पुलावर. बाकी खांब, पुतळे वगैरे बराचसा मलबा न्यूजर्सीतल्या सिकॉकसच्या दलदलीत नेऊन टाकला, म्हणजे आपली ट्रेन जाते त्याच पट्ट्यात. लेकीला खिडकीतून दाखवायला गेलो तर तिला फक्त गवत आणि गोडाऊनं दिसली.

---

आईला पेन स्टेशनचा नवा मॉयनिहन हॉल दाखवायला नेलं, २०२१ ला उघडला तो. ती काचेच्या छताकडे बघत म्हणाली, एवढं छान तर आहे, मग पाडलं काय? म्हटलं अगं हे जुनं पोस्ट ऑफिस, त्याच आर्किटेक्टांचं, स्टेशन समोर होतं. मग रस्ता ओलांडून गार्डनची ती गोल इमारत दाखवली. "ह्याच्यासाठी पाडलं?" आणि पुढे म्हणे चल, भूक लागलीय.