मदत हवी आहे: शिंगीच्या मेंदूत अ‍ॅसिड फॉस्फेटेज पाहतेय, पण केंद्रकंही काळी पडतायत

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या प्रकल्पासाठी शिंगी माशाच्या दोन न्यूरोसिक्रेटरी (चेतापेशीच संप्रेरक स्रवतात अशा) भागांत अ‍ॅसिड फॉस्फेटेज हे एन्झाइम कुठे दिसतं ते पाहतेय: मेंदूतला प्रीऑप्टिक न्यूक्लियस (चेतापेशींचा पुंजका, पेशीचं केंद्रक नव्हे) आणि शेपटीकडच्या मज्जारज्जूतल्या डालग्रेन पेशी (मोठ्या स्रावी चेतापेशी), त्यांचा स्राव साठतो त्या युरोफायसिससकट. (मागूर मुद्दाम टाळला; बाजारात त्या नावाखाली थाई मागूर गळ्यात मारतात.)

पद्धत गोमोरीची. थंड फॉर्मॉल-कॅल्शियम, क्रायोस्टॅटचे (गोठवून कापलेले) छेद, पीएच ५ च्या बफरमध्ये बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि लेड नायट्रेट, ३७ अंशांवर एक तास, मग अमोनियम सल्फाइड (एन्झाइम असेल तिथे लेड म्हणजे शिसं साचतं, ते याने काळं होतं). प्रीऑप्टिकच्या मोठ्या पेशींत केंद्रकाभोवती काळपट दाणे छान येतात. पण केंद्रकंही काळी होतात. एन्झाइम बंद पाडणाऱ्या सोडियम फ्लोराइडच्या कंट्रोलमध्ये दाणे जातात, केंद्रकं तशीच! डालग्रेन पेशींची केंद्रकं वेडीवाकडी, तिथे तर खरं-खोटं कळतच नाही.

शिवाय गाइड म्हणतात, दाणे जास्त म्हणजे संप्रेरक जास्त बनतंय असं लिही. मला पटत नाहीये. कुणी यावर काम केलंय का?

प्रतिसाद १
फ्लोराइडनेही जात नाही ते एन्झाइमचं नाही, शिसं नुसतंच चिकटलंय. वेळ कमी करून बघा: दहा, वीस, तीस मिनिटं. द्रावण वापरण्याआधी गाळा. सल्फाइडच्या आधी १ टक्का अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये क्षणभर बुडवा, जास्त नको. तरीही शंका उरली तर नॅफ्थॉल एएस-बीआय फॉस्फेट आणि पॅरारोझॅनिलिनची लाल रंगाची पद्धत करा, त्यात शिसंच नसतं.

प्रतिसाद २
गाइडना हळूच सांगा, हे लायसोसोमचं (पेशीतल्या पचन-पिशव्यांचं) एन्झाइम आहे. बाहेर न पडलेले स्रावकण पेशी मोडीत काढते तेव्हाही ते वाढतं. म्हणजे अर्थ नेमका उलटाही निघू शकतो. शेजारचे छेद अ‍ॅल्डिहाइड फुक्सिनने रंगवून प्रीऑप्टिकमध्ये स्राव किती साठलाय ते पाहा, केंद्रकांचा व्यास मोजा (पेशी किती कामात आहे याचा अंदाज येतो), मग बोला. युरोफायसिसला मात्र फुक्सिन वापरू नका, तिथला स्राव तो रंग घेत नाही.
आणि मासे कुठल्या महिन्यातले? शिंगी पावसाळ्यात अंडी घालते, म्हणून महिन्यानुसार स्राव बदलू शकतो.

धागाकर्ती
दोघांचेही आभार! काही मासे मेमधले आहेत, काही ऑगस्टमधले. आत्तापर्यंत एकत्रच मोजत होते.

प्रतिसाद २
वेगळे करा. नर-माद्याही.